पाटीमागचा माणूस

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही वकील नाही, कायदेपंडित तर मुळीच नाही. कला शाखेची पदवी घेतली, परीक्षा देत देत बँकेत कारकून म्हणून लागलो, आणि गेली वीस वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूला बसून लोकांच्या पैशाची ये-जा पाहत आहोत. कायद्याचे जे काही चार शब्द आम्हाला कळतात, ते या खिडकीने आणि एका ठेचेने शिकविले. ती ठेच कोणती, ते आधी सांगतो, म्हणजे हा विषय आम्ही का निवडला हे लक्षात येईल.

साल २०११. पावसाळा नुकताच लागला होता. आमच्या सख्ख्या आत्या शाखेत आल्या. आत्यांनी उभे आयुष्य बिडी वळण्यात काढले. सूप मांडीवर, तेंदूपत्ता पाण्यात भिजवलेला, हाताशी कात्री आणि जर्दा. हजार बिडीचा हिशेब पूर्ण केल्याशिवाय त्या उठत नसत. त्या कमाईतून त्यांनी चाळीस हजारांची मुदत ठेव केली होती. ती मोडून पैसे रोख हवेत म्हणाल्या. आम्ही विचारले, "काय काम निघालं आत्या?" त्या म्हणाल्या, "कंपनीत टाकतो बाबू. साडेपाच वर्सात डबल देते म्हणतेत." कंपनीचा एजंट आमच्याच वस्तीतला, ओळखीचा पोरगा. रांग लांब होती. आम्ही स्लिप भरून दिली, अंगठा घेतला, पैसे मोजून दिले. एक शब्दही बोललो नाही.

तीन वर्षांत त्या कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागले. पावतीवर नाव होते, नावापुढे 'लिमिटेड' होते, कुठल्या तरी शहराचा पत्ता होता. लोक गटागटाने मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "आम्ही फक्त संचालक आहोत. पैसे कंपनीने घेतले, कंपनीजवळ काही उरले नाही. आमच्या घराशी याचा काय संबंध?" घर मात्र दुमजली उभे होते, दारात गाडी होती. आत्यांनी परत येऊन दोन प्रश्न विचारले. पहिला असा, "कंपनी बुडाली, मालक त बुडाला नाही. मंग आमचेच पैसे कसे बुडाले?" आणि दुसरा, "तू त बँकेत होता ना बाबू, मंग सांगतलं काहून नाही?"

बंधू-भगिनींनो, दुसऱ्या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हाही उत्तर नव्हते, आजही नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही शोधत राहिलो. आजचे हे बोलणे म्हणजे त्या शोधाचा हिशेब होय.

प्रथम 'लिमिटेड' म्हणजे काय ते पाहू. बँकेत खाते उघडायला तीन प्रकारचे व्यापारी येतात. पहिला एकट्याचा धंदा. दुकानाची पाटी वेगळी असली तरी दुकान आणि दुकानदार कायद्याने एकच. दुकानाचे कर्ज थकले तर त्याच्या घरापर्यंत, शेतापर्यंत जाता येते. दुसरी भागीदारी. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे धंद्याच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे बांधलेला असतो. एकाने हात वर केले तर दुसऱ्याला धरता येते. तिसरी कंपनी. कंपनी ही कायद्याच्या डोळ्यांना स्वतंत्र व्यक्ती असते. ती मालमत्ता घेते, कर्ज काढते, दावा लावते, तिच्यावर दावा लागतो. भागधारकाने जेवढ्या भागांची रक्कम भरण्याचे कबूल केले, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. ती 'मर्यादित', म्हणून 'लिमिटेड'.

हे तत्त्व पक्के झाले ते लंडनच्या एका खटल्यात. ॲरन सालोमन नावाचा बूट बनविणारा कारखानदार होता. त्याने १८९२ साली आपला चालता धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. कंपनीचे सभासद सात : तो स्वतः, त्याची बायको आणि पाच मुले. घरच्यांना एकेक भाग, बाकी सारे त्याचे. शिवाय कंपनीकडून येणे असलेल्या रकमेपोटी त्याने कंपनीची मालमत्ता आपल्याकडे तारण लिहून घेतली. कंपनी लवकरच बुडाली. तारण असल्यामुळे सालोमनचा हक्क पहिला ठरला आणि बाकीच्या सावकारांना काही उरले नाही. ते म्हणाले, ही कंपनी म्हणजे सालोमनच आहे, त्याच्याकडून आमचे पैसे द्या. खालच्या न्यायालयांना ते पटले. परंतु इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, १८९६ साली निकाल दिला की कंपनी वेगळी आणि सालोमन वेगळा. आपल्याकडचा कंपनी कायदाही याच पायावर उभा आहे.

हा पाया वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. रेल्वे, गिरण्या, विजेचे कारखाने एकट्या माणसाच्या पैशाने उभे राहत नाहीत. हजारो लोकांनी थोडेथोडे भाग घ्यावेत असे वाटत असेल, तर उद्या कंपनी बुडाल्यावर त्यांचे राहते घर जप्त होणार नाही, ही हमी द्यावीच लागते. आपल्यापैकी कोणी एखाद्या कंपनीचे दहा भाग घेतले असतील तर हाच कायदा त्याचेही घर राखतो. आणि धंद्यात प्रामाणिकपणे खोट खाणे हा गुन्हा नाही. आपली मुले आता उद्योगात उतरत आहेत. त्यांनाही या आसऱ्याची गरज पडणार आहे.

प्रश्न निराळा आहे. पावसापासून बचावासाठी दिलेली छत्री कोणी चोरीचा माल झाकायला वापरली तर काय करायचे? कायद्याच्या भाषेत याला 'कंपनीचा पडदा बाजूला सारणे' म्हणतात. कंपनी हे नुसते सोंग आहे, जबाबदारी टाळण्यासाठीच ते उभे केले आहे, असे दिसले की न्यायालय पडदा सारून पाटीमागच्या माणसाला समोर आणते.

आपल्या राज्यातले जुने उदाहरण मुंबईचे आहे. सर दिनशा माणेकजी पेटिट हे फार मोठे धनिक. त्यांना भागांवर लाभांश आणि व्याज भरपूर मिळत असे. त्यावरचा कर कमी पडावा म्हणून त्यांनी चार खासगी कंपन्या काढल्या आणि गुंतवणूक त्यांच्या नावे केली. उत्पन्न कंपनीकडे यायचे आणि कंपनी ते 'कर्ज' म्हणून पेटिट यांनाच द्यायची. मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ साली सांगितले की या कंपन्यांना स्वतःचा काहीही धंदा नाही. उत्पन्न पेटिट यांचेच आहे आणि कर त्यांनीच भरायचा आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करतो. त्याच सुमारास, १९२५ ते १९२८ या काळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. महाडचा सत्याग्रह आणि व्यापारी कायद्याचे तास, दोन्ही एकाच काळातले. व्यापाराचा कायदा हा शेटजींचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

पेटिट यांच्या खटल्यात पडदा सारला गेला तो सरकारच्या करासाठी. कामगारासाठी तो सारला जातो का? जातो. गुजरातेत भावनगर येथे एक रबर कंपनी होती. तिच्याकडे दुसऱ्या एका कंपनीचे भाग होते. त्यांचा लाभांश नफ्यात धरला जाई आणि त्यातून कामगारांना बोनस मिळे. कंपनीने ते भाग आपल्याच मालकीच्या एका नव्या कंपनीच्या नावे केले. नव्या कंपनीचा दुसरा धंदा नाही, दुसरे उत्पन्न नाही. परिणाम एवढाच, की कागदावर नफा घटला आणि बोनस खाली आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने १९८५ साली सांगितले की ही नवी कंपनी बोनस कमी करण्यासाठीच उभी केली आहे; लाभांश मूळ कंपनीच्या नफ्यात धरून बोनस द्या.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. परंतु बिडीचा धंदा त्याच्या कितीतरी आधीचा. जंगलात तेंदूपत्ता, गावात रिकामे हात, आणि शहरात कारखानदार. कंपनीचा पडदा आपल्याकडे अलीकडे आला. ठेकेदाराचा पडदा आपल्या आजीनेही पाहिला आहे. पत्ता कारखानदाराचा, जर्दा कारखानदाराचा, बिडीवरचे लेबल कारखानदाराचे, पण मजुरीचा प्रश्न निघाला, की "तुम्ही ठेकेदाराची माणसे, आम्ही तुम्हाला ओळखत नाही." आणि ठेकेदार म्हणायचा, "आम्ही गरीब, आमच्याजवळ काय आहे?" या मजुरांना संघटित करण्यासाठी कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी आपले छोटेसे आयुष्य खर्ची घातले. १९३९ साली ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे पस्तीस वर्षांचे होते.

या पडद्यालाही न्यायालयाने हात घातला. नागपूरकडच्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात मालकाचे म्हणणे होते की मजूर मर्जीने येतात, मर्जीने जातात, म्हणून ते आमचे कामगारच नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. बिडी पसंत पडली नाही तर ती नाकारण्याचा हक्क मालकाने ठेवला आहे, म्हणजे कामावर ताबा त्याचाच आहे. आपल्या मायबहिणींना जिचा राग यायचा ती 'छाट', तीच येथे मालकाविरुद्धचा पुरावा ठरली! पुढे १९६४ साली तामिळनाडूतील सेलम येथील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र म्हणविणाऱ्या ठेकेदारांचे कागद तपासले आणि सांगितले की हे ठेकेदार म्हणजे कारखानदाराचे केवळ हस्तक आहेत, मजूर कारखानदाराचेच. त्यानंतर १९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा कायदा झाला आणि त्यात 'मुख्य मालक' ही व्याख्याच घालण्यात आली. कारखानदारांनी कायद्याला आव्हान दिले; १९७४ साली तो वैध ठरला. १९७७ पासून बिडी धंद्याला भविष्य निर्वाह निधी लागू झाला, आणि घरी बसून बिडी वळणारी बाईदेखील त्यासाठी कामगारच आहे, हे १९८५ साली ठरले. १९६६ चा तो कायदा आता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये विलीन झाला आहे. परंतु त्याच्यामागचे तत्त्व आपण विसरू नये : ज्याचा माल, ज्याचा नफा, त्याची जबाबदारी.

आता ठेवीदारांकडे वळू, कारण आत्यांचा प्रश्न तेथला आहे. दिल्लीत एका बांधकाम कंपनीने न्यायालयाची मनाई असताना लोकांकडून जागांचे पैसे गोळा केले, एकच जागा अनेकांना विकली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीचे वेगळेपण प्रामाणिक व्यवहारासाठी आहे, फसवणुकीसाठी नाही. न्यायालयाने संचालक, त्याची पत्नी, मुले आणि त्यांच्या निरनिराळ्या कंपन्या यांना एकच धरून त्यांच्या मालमत्तांवर हात घातला. म्हणजे "घर बायकोच्या नावावर आहे" ही ढालही नेहमी चालत नाही.

पण असा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोण नेणार? बिडी वळणारी आत्या? म्हणून महाराष्ट्राने १९९९ साली स्वतंत्र कायदा केला. वित्तीय संस्थांमधील ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा हा कायदा 'एमपीआयडी' या नावाने ओळखला जातो. तो प्रत्येकाने समजून घ्यावा. ठेव घेऊन लबाडीने परत न करणाऱ्या संस्थेचा प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक, कारभाराला जबाबदार असलेला कोणीही, यांना त्यात सहा वर्षांपर्यंत कैद आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मालमत्तेची जप्ती. आधी संस्थेची मालमत्ता आणि ठेवींच्या पैशातून दुसऱ्याच्या नावे घेतलेली मालमत्ता. ती पुरली नाही तर प्रवर्तकाची, संचालकाची, भागीदाराची स्वतःची मालमत्ता. उपजिल्हाधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाचा सक्षम अधिकारी ती ताब्यात घेतो आणि विशेष न्यायालयाच्या हुकमाने ठेवीदारांना वाटप होते. न्यायालयाने एकेका खटल्यात जो पडदा सारायचा, तो विधिमंडळाने कायद्यातच सारून ठेवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २००५ साली हा कायदा घटनाबाह्य ठरविला होता. परंतु २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला आणि आज तो लागू आहे.

त्याचे बळ किती, ते मुंबईच्या एका मोठ्या प्रकरणात दिसले. नॅशनल स्पॉट एक्सचेंज ही कंपनी जुलै २०१३ मध्ये कोसळली आणि सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी थकली. तिचे जवळजवळ सर्व भाग फायनान्शियल टेक्नॉलॉजीज या मूळ कंपनीकडे होते. केंद्र सरकारने २०१६ साली दोन्ही कंपन्या एकत्र करण्याचा हुकूम काढला, म्हणजे लेकीचे देणे आईने द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तो हुकूम रद्द केला. लोकांना वाटले, संपले. परंतु एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ठरविले की स्पॉट एक्सचेंज ही एमपीआयडी कायद्याखालील वित्तीय संस्था आहे आणि मूळ कंपनीच्या मालमत्तेवरील जप्ती कायम राहील. एक दार बंद झाले, दुसरे उघडे होते. ते कोणते, हे माहीत असावे लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही आपणांस खोटी आशा दाखवू. २०१४ साली एअर इंडियाच्या उपाहारगृहातील कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मालकी आणि ताबा आहे एवढ्यावरून पडदा सारता येत नाही. जबाबदारी टाळण्यासाठी मुद्दाम रचलेले सोंग आहे हे दिसले पाहिजे. म्हणजे पुरावा पाहिजे. आणि पुरावा बहुधा ज्याने फसविले त्याच्याच कपाटात असतो.

येथे आमच्या खिडकीतून दिसणारी गोष्ट सांगतो. एखादी छोटी खासगी कंपनी बँकेकडे कर्ज मागायला येते. बँक काय करते? कर्ज कंपनीच्या नावाने देते, पण त्याच दिवशी संचालकांची वैयक्तिक हमी लिहून घेते. बहुधा घर किंवा प्लॉटही तारण घेते. उद्या कंपनी बुडाली तर बँक न्यायालयात पडदा सारत बसत नाही. तिने दार आधीच करून ठेवलेले असते. अशा हमीदारांना वैयक्तिक दिवाळखोरीच्या कारवाईत ओढता येते आणि कंपनीचा निकाल लागला म्हणून ते आपोआप सुटत नाहीत, हेही २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

आता विचार करा. बँक विचारते, "तू स्वतः हमी देतोस का?" बिडी मजूर कधी विचारतो का? चार पोती धान उधार देणारा शेतकरी विचारतो का? गिरणीची पाटी एका नावाने उतरली आणि त्याच जागी, त्याच यंत्रावर दुसऱ्या नावाने चढली, तर चुकारे कोणाकडे मागावेत हे त्याला कळते का? आत्यांनी चाळीस हजार देताना मालकाची सही मागितली होती का? नाही. जो बलवान आहे तो पडद्यापलीकडचा माणूस आधीच धरून ठेवतो. पडदा राहतो तो फक्त दुबळ्याच्या डोळ्यांसमोर. आमच्या मते या सगळ्या विषयाचे सार एवढेच आहे. म्हणून दुबळ्यासाठी कायद्याने वेगळी दारे केली, आणि म्हणूनच ती दारे आपल्याला माहीत असली पाहिजेत.

तर आपण काय करावे? आम्ही अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, पावतीवरचे पूर्ण नाव वाचा. मोठ्या समूहाची पाटी एक असते, पण आत दहा वेगवेगळ्या संस्था असतात. सहाराचे उदाहरण घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यांना पैसे परत करायला सांगितले, त्या दोन कंपन्या होत्या. जुलै २०२३ मध्ये परताव्यासाठी सरकारने जे पोर्टल उघडले, ते मात्र समूहाच्या चार सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी. पैसे 'सहारात' होते म्हणून भागत नाही. कोणत्या नावाची पावती आहे त्यावर रस्ता ठरतो. कंपनी असेल तर तिच्या संचालकांची नावे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. घरातल्या शिकलेल्या मुलाला ती काढायला सांगा. आणि कंपनी नोंदलेली आहे याचा अर्थ तिला ठेवी घेण्याची परवानगी आहे असा मुळीच होत नाही. २०१५ पासून खासगी कंपनीला किमान एक लाख भांडवलाची अटही राहिलेली नाही. उलट २०१९ च्या केंद्रीय कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आहे.

दुसरी, मूळ कागद कोणालाही देऊ नका. 'नूतनीकरण करतो' म्हणून पावत्या गोळा करून नेण्याची युक्ती जुनी आहे. पर्ल्स म्हणजे पीएसीएल या कंपनीच्या गुंतवणूकदारांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली गेली, तेव्हा परताव्यासाठी कागदच मागितले गेले. आमच्या आत्यांना लिहिता-वाचता येत नाही. पण त्यांनी पावत्या बिडीच्या जुन्या डब्यात घालून ठेवल्या होत्या. म्हणून तक्रारदारांच्या यादीत त्यांचे नाव आहे. ज्यांनी पावत्या एजंटला दिल्या, ते आजही साक्षीदार शोधत फिरत आहेत.

तिसरी, तक्रार करताना नुसते कंपनीचे नाव लिहू नका. संचालक कोण, प्रवर्तक कोण, सभेत येऊन आश्वासन कोणी दिले, कोणत्या तारखेला, हे सर्व लिहा. एकेकट्याने जाऊ नका; यादी करून, एकत्र जा. आणि मालमत्तेची माहिती द्या. शहरातल्या अधिकाऱ्याला ठाऊक नसते की धानाच्या बांधीला लागून असलेली चार एकर जमीन साहेबांनी मेहुण्याच्या नावे कधी घेतली. गावाला ते ठाऊक असते. त्या जमिनीचा सातबारा काढून तक्रारीला जोडा. जप्ती अंदाजाने होत नाही, गट क्रमांकाने होते.

चौथी गोष्ट तरुणांसाठी, आणि ती फार कळकळीने सांगतो. मागे शाखेत एक तरुण आला. अंगावर साधा शर्ट, पायात चप्पल, आणि हातात एका कंपनीचे कागद, ज्यात तो संचालक! विचारले तेव्हा म्हणाला, "शेठ महिन्याला पाच हजार देतात. फक्त सही करायची." धनादेश परत गेला तर कंपनीबरोबर कारभाराला जबाबदार असलेल्या संचालकावरही खटला चालतो. पगारातून भविष्य निर्वाह निधी कापून भरला नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा होतो. पडदा सारला जाईल तेव्हा त्यामागे शेठ सापडणार नाही, हा मुलगा सापडेल. त्याने सही केलेली आहे ना! आम्ही त्याला बाजूला बसवून हे सर्व सांगितले. तो कागद घेऊन निघून गेला. पुढे त्याने काय केले, ठाऊक नाही. ज्यांच्या अंगठ्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या कोणी केली नाही, त्यांच्या शिकलेल्या मुलांनी आपली सही पाच हजाराला भाड्याने देऊ नये.

एजंट असलेल्या तरुणांबद्दलही सांगतो. आत्यांचे पैसे नेणाऱ्या त्या मुलाने स्वतःच्या आईचे पैसेही तेथेच घातले होते. पुढे त्याने मोटारसायकल विकून दोघा-तिघांचे पैसे फेडले आणि वस्तीतून तोंड लपवून निघून गेला. त्याचा दोष नव्हता असे आम्ही म्हणत नाही. परंतु लोकांचा सारा राग त्याच्यावर निघाला आणि वरचे साहेब नामानिराळे राहिले. तोही एक पडदाच होता, आपल्याच माणसाचा केलेला.

आत्यांचे प्रकरण अजून संपलेले नाही. नाव यादीत आहे, काही मालमत्ता जप्त आहे, तारखा पडत आहेत. आत्या आता थकल्या. मधून मधून विचारतात, "बाबू, त्या साहेबाचं घर अजून आहे का?" आम्ही सांगतो, "आहे आत्या, पण त्यावर आता सरकारची नोटीस लागली आहे." त्या मान हलवतात. पैसे आलेले नाहीत. पण 'आमच्या घराशी काय संबंध' हे वाक्य त्या साहेबांना आता म्हणता येत नाही, एवढे तरी झाले.

आमच्यापुरते म्हणाल तर आमच्यात एक बदल झाला आहे. ठेव मोडायला कोणी आले की रांग कितीही लांब असो, आम्ही विचारतो, "पैसे कुठे टाकता? पावती कोणाच्या नावाची मिळणार? सही कोण करणार?" काही लोक रागावतात. "तुम्हाला काय करायचे आहे?" म्हणतात. रागावोत. चाळीस हजार मोजून देताना गप्प राहिलो त्यापेक्षा हा राग परवडला.

संस्थेला आमची एक नम्र विनंती आहे. विहारात वर्षातून दोन दिवस तरी कागद वाचून दाखविण्याचा उपक्रम ठेवावा. ज्याच्याजवळ ज्या कंपनीची, पतसंस्थेची, भिशीची पावती असेल ती त्याने आणावी. आपल्यातले वकील, शिक्षक, बँक कर्मचारी यांनी ती वाचून अर्थ सांगावा. आम्ही दोन्ही दिवस हजर राहू, हा शब्द येथेच देतो.